आत्याची सात मिनिटं

१९ फेब्रुवारी, सोमवार

शाळेच्या कचेरीतून निवृत्त झालो तेव्हा ही वही घरी आणली होती. वर्षभर कोरी पडली होती. आजपासून लिहितो, कारण रमजानसाठी इथल्या रेडिओला मासेमारीच्या मालिकेचे पंधरा भाग द्यायचे आहेत, एप्रिल संपायच्या आत, आणि त्यात हे नवीन निघालं आहे.

नवीन म्हणजे वर्ग. सकाळी नऊला जलीलाला घेऊन अंध संघटनेच्या कार्यालयात गेलो. ट्यूनिसहून लमिया नावाच्या बाई आल्या आहेत. चाळिशीच्या असाव्यात, जन्मापासून आंधळ्या, आणि तिकडे रेडिओत आवाज संपादनाच्या कामावर आहेत. इथल्या सहा जणांना पाच दिवस शिकवणार: माउसला हात न लावता, नुसत्या कळफलकावर आवाज कसा कापायचा, जोडायचा, त्यात मागेपुढे कसं फिरायचं.

मी मागे खुर्ची घेऊन बसलो. बाकी कुणाचे नातेवाईक थांबले नव्हते. थोड्या वेळानं लमियाबाई म्हणाल्या, "इथे सातवं कोण श्वास घेतंय?" मी नाव सांगितलं, जलीलाचा थोरला भाऊ आहे म्हणालो. हेही सांगितलं की दोन वर्षं आमच्याकडे माउस मीच चालवतो. जलीला ऐकते, "इथे काप" म्हणते, मी कापतो. आमचे तुकडे रेडिओवर लागतात, तक्रार कुणाची नाही.

"म्हणजे तुमच्या घरच्या माउसला मिशा आहेत," बाई म्हणाल्या.

सगळे हसले. जलीलाही हसली.

२१ फेब्रुवारी

स्पेस दाबली की वाजतं, पुन्हा दाबली की थांबतं, एवढं मला ठाऊक होतं. बाकीचं अवघड आहे. वाजत असतानाच तुकड्याची सुरुवात आणि शेवट पकडायला दोन चौकटी कंस दाबायचे असतात, आणि आपल्याकडचे कळफलक फ्रेंच, त्यावर एका चौकटी कंसाला दोन हात लागतात. लमियाबाईंनी ते काम शेजारशेजारच्या दोन अक्षरांवर आणून ठेवलं. "आता डाव्या हाताच्या दोन बोटांत कात्री आली," म्हणाल्या. आणखी एक कळ अशी की न कापताच, कापलं तर कसं वाटेल ते ऐकवते. ही मला बरी वाटली.

मी सगळ्या कळांची यादी केली, सुवाच्य अक्षरात, एकूण चौतीस. घरी आल्यावर जलीलाला दिली.

"खूया," ती म्हणाली. भाऊ म्हणून लहानपणापासून मला असंच हाक मारते. "कागदाचं मी काय करू?"

तिनं आपली यादी ब्रेलमध्ये तिथेच टोचून घेतली होती. माझी माझ्या खणात ठेवली.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

वर्ग संपला. लमियाबाई दुपारी आमच्याकडे जेवायला आल्या. जलीलानं माशाचं कुसकुस केलं. जेवण झाल्यावर बाईंनी टेबल हातानं चाचपलं, माउस सापडला तसा काढला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि पर्समध्ये टाकला. काम झालं की टपालानं पाठवीन म्हणाल्या. मला थट्टा वाटली. संध्याकाळच्या गाडीनं बाई गेल्या, त्यांच्याबरोबर माउसही गेला.

मी म्हणालो, चौकात नवा मिळतो, उद्या आणतो. जलीला म्हणाली, "आण. पण टिकटिक मला ऐकू येते."

आणला नाही.

१ मार्च

तीन तासांत चार मिनिटांचं काम झालं. मी घड्याळ लावून बसलो होतो. माझ्या हातानं हेच पाऊण तासात झालं असतं. संगणकात एक बाई बोलते, कुठे आहोत, काय निवडलं, सगळं फ्रेंचमध्ये सांगते. जलीलानं तिला इतकं वेगात बोलायला लावलंय की मला एक शब्द कळत नाही. तिला कळतं.

करकेना बेटावरच्या मन्नूबिया आत्याचा भाग चालू आहे. आत्या आमच्या वडिलांची बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, आयुष्य ऑक्टोपस पकडणाऱ्यांच्या घरात गेलं. आज तिचं बोलणं होतं ते मातीच्या घटांबद्दल. दोरीला बांधून घट समुद्रात सोडतात. घटाला झाकण नसतं. ऑक्टोपस आपणहून आत जातो आणि तिथेच बसतो, वर ओढला तरी बाहेर यायचं त्याला सुचत नाही. चाळीस सेकंदांचा हा तुकडा जलीलानं वीसेक वेळा ऐकला. त्यात कापण्यासारखं काही नव्हतं. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, बाहेर जाऊन कॉफी घेऊन ये, तुझी खुर्ची करकरते.

६ मार्च

वेग वाढलाय, हे मान्य करायला हवं. आज तिनं एक वाक्य कापलं, ऐकलं, कंट्रोल आणि झेड दाबून परत आणलं, पुन्हा दुसरीकडून कापलं. असं अकरा वेळा. मी म्हणालो, पहिल्यांदा कापलंस तेच बरं होतं.

"मघाचं बरं होतं असं मी म्हणायचे, तेव्हा तू सांगायचास की आता परत येत नाही."

मी म्हणालो की मला तसंच वाटायचं. ते अगदी खरं नाही. काही वेळा येत होतं. पण ती एकेका श्वासापाशी थांबायची, आणि मला सकाळी शाळेत जायचं असायचं.

९ मार्च

जेवताना जलीला म्हणाली की सरावासाठी आत्याचं जानेवारीतलं रेकॉर्डिंग घेतलंय, मूळचं, पूर्ण एक तास चाळीस मिनिटांचं. मी म्हणालो, ते कशाला, मी साफ करून ठेवलंय ते घे.

"साफ केलेल्यावर कसला सराव?"

मूळ रेकॉर्डिंग रेकॉर्डरच्या कार्डावर तसंच होतं. ते तिच्या हाती लागेल असं कधी मनातच आलं नव्हतं. दोन वर्षं ती कार्ड मला काढून द्यायची आणि मी आत घालायचो.

साफ करताना त्यातली सात मिनिटं मी काढली होती. विषयाशी त्यांचा संबंध नव्हता. ती सात मिनिटं शेवटाकडे आहेत आणि जलीला सुरुवातीपासून क्रमानं जाते. तोवर पंधरा भागांच्या घाईत सराव मागे पडेल.

१४ मार्च

आज ती कानाला हेडफोन लावूनच बसली होती. दुपारी कुसकुसमध्ये दोनदा मीठ पडलं. तिच्या हातून असं होत नाही. बरं नाही का विचारलं, तर म्हणाली, बरी आहे. मग विचारलं, "सूसला जायला गाडीला किती वेळ लागतो?"

मी सांगितलं, दोन-अडीच तास, थोडं इकडेतिकडे. सकाळची आणि दुपारची गाडी कितीला सुटते तेही सांगितलं. एखाद्या भागात घालायचं असेल.

१६ मार्च, शुक्रवार

जे केलं ते लिहितो, ही वही दुसरं कुणी वाचणार नाही.

जलीला दुपारी संघटनेत गेली. मी संगणक लावला. माउस नाही, म्हणून खणातून माझी यादी काढली. प्रत्येक कळ दाबली की ती बाई मोठ्यानं बोलायची आणि मला कळायचं नाही. शेवटी तिचा वेग कमी केला, यादीत ती कळही होती. मग कळायला लागलं. सरावाच्या फोल्डरमध्ये गेलो. बाण खाली, बाण खाली. बाई म्हणाली, "मन्नूबिया आत्या, मूळ." मी काढून टाकायची कळ दाबली. बाई म्हणाली, "मन्नूबिया आत्या, मूळ, ही फाइल नक्की काढायची?" घरात मी एकटाच होतो, तरी उठून दाराला कडी घातली. मग एंटर दाबलं. कार्डही पुसलं.

सात मिनिटांत काय होतं तेही लिहितो. जानेवारीत आम्ही बेटावर गेलो होतो. आत्याच्या सुनेबरोबर जलीला किनाऱ्यावर गेली, मासे अडवायला समुद्रात ताडाच्या झावळ्यांचे कूड घालतात ते हातानं बघायला. रेकॉर्डर टेबलावर चालूच राहिला होता. आत्यानं सत्त्याऐंशी सालची गोष्ट काढली. वडील गेले त्या वर्षीची. सूसच्या अंधांच्या संस्थेतून पत्र आलं होतं की जलीलाला टेलिफोन ऑपरेटरच्या शिक्षणासाठी घेतलंय, राहायची सोय आहे, पुढे सरकारी नोकरी. ती वीस वर्षांची होती, मी तीस. पत्र मी वाचलं आणि मीच उत्तर पाठवलं. घरात सांगितलं की तिला घेतलं नाही.

परक्या गावात, परक्या माणसांत आंधळी मुलगी. मला ते योग्य वाटलं नाही. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगीन.

१७ मार्च

सकाळी जलीला म्हणाली, "आज बाई इतकी सावकाश का बोलतेय?"

वेग पूर्ववत करायचा राहिला होता. मी म्हणालो, विजेचं काही असेल, काल दाब कमी होता.

"हो," ती म्हणाली. "विजेचं काही सांगता येत नाही."

१९ मार्च

ती न्हाणीघरात असताना पुन्हा बघितलं. फाइल जागेवर आहे. म्हणजे मीच चुकीची कळ दाबली असणार. यादीत दहावी आणि अकरावी ओळ फार जवळ आलीय. परत काढायला वेळ मिळाला नाही.

२५ मार्च, रविवार

दुपारी जवाचं सूप झालं, आत्यानं दिलेलं सुकं ऑक्टोपस घालून. भांडी उचलायला लागलो तर जलीला म्हणाली, "खूया, बस. काम दाखवायचंय."

हेडफोन नव्हते, स्पीकर लावले होते. तिनं एकच कळ दाबली. खोलीत आत्याचा आवाज आला.

"तिला घेणारच म्हणून पिशवी मीच भरली होती, बशीर. दोन झगे, एक शाल, आणि तिथल्या स्वयंपाकिणीला द्यायला सुकं ऑक्टोपस, म्हणजे पोरीला चार घास जास्त वाढेल. मी तिला गाडीनं पोचवणार होते. सत्तेचाळीस वर्षांची झाले होते, आगगाडीत कधी पाय ठेवला नव्हता. बोटीतून उतरून तुमच्या घरी आले, तर तू म्हणालास, पिशवी रिकामी कर, तिला घेतलं नाही. तुझ्या आईनं मरताना मला खरं सांगितलं. मी गप्प बसले. आता माझे दिवस थोडे राहिले. तू तिला सांग, नाहीतर मी सांगेन."

मग माझा आवाज. आत्या, जुनं कशाला उकरतेस. मग बरंच काही, कशाला लिहू, सगळं मीच बोललो होतो. शेवटी दार वाजल्याचा आवाज आणि जलीलाचा, घट किती गार लागतात म्हणून सांगणारा.

तिनं थांबवलं. हे खरं का, असं विचारलं नाही.

"पत्रात काय कारण लिहिलंस?"

मी म्हणालो, तुला झटके येतात असं लिहिलं होतं. दुसरं काही लिहिलं असतं तर त्यांनी पुन्हा विचारलं असतं.

"मला झटके येतात," ती म्हणाली. आणि हसायला लागली. बराच वेळ हसत होती. मी पाणी आणून दिलं, ते तिनं घेतलं नाही.

आईचं विचारलं. आई म्हणायची, मी एकटी कशी राहू. पण पत्र आईनं लिहिलं नाही, मी लिहिलं, आणि तसंच सांगितलं. मग मला वाटलं की तिला दुसरी बाजूही कळावी. त्याच वर्षी माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं. मुलीच्या माणसांना घरात आंधळी नणंद नको होती. मी म्हणालो होतो, मग मला मुलगीच नको. हे तिला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

"तेही मला विचारलं नाहीस," ती म्हणाली.

त्या शुक्रवारबद्दल ती काही बोलली नाही, म्हणजे ते तिला कळलेलं नाही. तेवढं तरी बरं.

३० मार्च

पाच दिवस बोलणं नाही. म्हणजे जेवण वाढते, दार लावलंस का विचारते. काम चालू आहे. दिवसाला एक भाग पुरा होतोय. मी कॅफेत जाऊन बसतो. माझ्याबरोबर शाळेत होते ते दोघे पत्ते खेळतात, मी बघतो. एकानं विचारलं, बहीण कशी आहे. म्हणालो, कामात आहे.

इतकी वर्षं मी कामावरून आलो की ती दाराशी असायची. पावलांवरून ओळखायची, दुसरं कुणी आलं तर उठायची नाही. मला वाटायचं, तिला माझी वाट बघायची सवय आहे. आज परतताना जिन्यात थांबलो. आतून कळांचा आवाज येत होता, एकसारखा. मी बराच वेळ उभा होतो. ती उठली नाही.

७ एप्रिल

जलीला एकटीच बेटावर गेली. मी येतो म्हणालो. ती म्हणाली, धक्क्यापर्यंत टॅक्सी, बोटीवरची माणसं ओळखीची, पलीकडे आत्याची सून येणार आहे. तू कशासाठी?

मी धक्क्यापर्यंत दुसऱ्या टॅक्सीनं गेलो. लांब उभा राहिलो. बोटीवरच्या एकानं तिचा हात धरून फळीवरून नेलं, तिनं त्याला काहीतरी म्हटलं, तो हसला. बोट दिसेनाशी होईपर्यंत थांबलो. माझी काही गरज पडली नाही.

१० एप्रिल

आली. रेकॉर्डर भरून आणलाय. रात्रीच्या जेवणाला माझ्याशी नीट बोलली, आत्याचे गुडघे, सुनेची नवी चूल. मला बरं वाटलं. वाटलं, संपलं.

१२ एप्रिल

संपलेलं नाही. शेवटचा, पंधरावा भाग आत्याचा आहे आणि त्यात ती गोष्ट येणार आहे. आत्यानं ती नव्यानं, मायक्रोफोनसमोर सांगितलीय. नाव कुणाचं नाही, "पोरीचा भाऊ" एवढंच. मी म्हणालो, नाव नसलं तरी गल्लीला कळणार. आत्या कुणाची, पोर कोण, कुणाला ठाऊक नाही? आणि मालिका मासेमारीची आहे, त्यात हे कशाला?

"मालिका बेटावरच्या बायकांची आहे."

"हे तुझं घरचं आहे. बेटाचं काय त्यात?"

"ती गाडी आत्याचीही होती, खूया. तिची पिशवी रिकामी केलीस तू. माझी तर मला ठाऊकही नव्हती."

हे मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं. आत्या त्या दिवशी परतीच्या बोटीनं गेली होती. जाताना काही बोलली नव्हती. मला तर तेव्हा वाटलं होतं की तिची दगदग वाचली.

मग मी विचारलं, मी नको म्हणालो तर?

"तर मी ऐकून घेईन," ती म्हणाली. "कापणार नाही."

२४ एप्रिल

पंधराही भाग गेले, मुदतीच्या सहा दिवस आधी. माझ्या मदतीशिवाय. रेडिओवाल्यांचा फोन आला, जोड कुठेच कळत नाहीत म्हणाले. मी फोन घेतला होता, म्हणून त्यांना वाटलं मीच केलंय. माझं अभिनंदन केलं. मी सांगितलं, माझं नाही, तिचं. हे लिहायला फार मोठं नाही, पण सांगितलं.

पंधरावा भाग मी ऐकलेला नाही. ती म्हणाली होती, ऐक. मी म्हणालो, रमजानमध्ये सगळ्यांबरोबर ऐकेन.

शुक्रवारी ती आत्याला घेऊन सूसला जाणार आहे, आगगाडीनं. तिकडे लमियाबाईंचं माहेर आहे, त्या स्टेशनवर येणार आहेत. मला कुणी विचारलं नाही, येतोस का म्हणून.

२७ एप्रिल, शुक्रवार

सकाळच्या बोटीनं आत्या आली. नवी चप्पल, पांढरी चादर अंगभर घेतलेली, हातात पिशवी. मला बघून म्हणाली, "अरे, म्हातारा झालास." माझ्या गालाचा मुका घेतला. दुपारच्या गाडीत दोघींना बसवलं. जलीला खिडकीकडे बसायला लागली तर आत्यानं तिला उठवलं. म्हणाली, तुला खिडकीचा काय उपयोग? दोघीही हसल्या. मला हसावं की नाही कळलं नाही.

घरी आलो आणि अडीचला रेडिओवाल्यांचा फोन. पंधरावा भाग अर्ध्यातच तुटलाय, पाच वाजेपर्यंत पुन्हा पाठवा, आज सगळे भाग पक्के करून ठेवणार आहोत. मी जलीलाला फोन लावला. ती म्हणाली, काळजी करू नकोस, आपल्याकडचा मूळ शाबूत असेल. आधी उघडून शेवटपर्यंत ऐक, मग मला लाव, पाठवायचं कसं ते सांगते.

यादी समोर ठेवून उघडला. अकरा मिनिटांचा आहे. घटांचं बोलणं सुरुवातीला आहे. सातव्या मिनिटाला आत्या सांगते की आयुष्यात एकदाच तिनं प्रवासाची पिशवी भरली. मग ते सगळं येतं. पोरीचा भाऊ म्हणाला, रिकामी कर. मी झगे काढले, शाल काढली, ऑक्टोपस परत बेटावर नेलं. मग आत्या बोलायची थांबते आणि बाहेर कुठेतरी कोंबडा आरवतो. जलीलानं तो तसाच ठेवलाय.

पावणेचार झाले होते. मी डाव्या हाताची दोन बोटं त्या दोन अक्षरांवर ठेवली. तुकड्याच्या सुरुवातीला एक दाबलं, शेवटाला दुसरं. चूक झाली नाही, पहिल्या फेरीत अचूक बसलं, दोन वर्षं हेच तर करत होतो. मग न कापता ऐकवणारी कळ दाबली. आत्या जाळ्यांबद्दल बोलत बोलत थेट सुनेच्या मुलांवर आली. जोड कळत नव्हता. पुन्हा ऐकलं. खरोखर कळत नव्हता. रेडिओवाल्यांनी पंधरावा भाग पूर्ण ऐकलेला नाही, त्यांच्याकडे तो अर्धाच होता. जलीला गाडीत होती. माझ्यापुढे सव्वा तास होता.

किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. संगणकातली बाई मध्येच बोलली, निवडलेला भाग एक मिनिट बावन्न सेकंद. मी निवड सोडायची कळ दाबली. ती यादीत विसावी आहे.

का सोडली ते मला नीट सांगता येत नाही. ती मला पकडेल म्हणून नाही. पकडलं तर असतंच तिनं, रमजानमध्ये, पण तोवर ते रेडिओवरून गेलं असतं.

पुन्हा फोन लावला.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

मग म्हणाली, "कंट्रोल, शिफ्ट आणि ई. तिन्ही एकदम." मी दाबलं. पुढे ती एकेक सांगत गेली, टॅब किती वेळा, बाण कुठे, बाई काय म्हणाली ते सांग, थांब, आता एंटर. मी स्क्रीनकडे बघितलं की चुकत होतो, म्हणून बघणं सोडलं आणि बाई म्हणते तेवढंच ऐकलं. मागे आत्याची बडबड चालू होती. हिला लाटा नाहीत तर ही हलते कशाला, असं ती कुणाला तरी विचारत होती. चार वाजून वीस मिनिटांनी बाई म्हणाली, "पाठवलं."

"पाठवलं," मी फोनवर म्हणालो.

"ऐकू आलं," जलीला म्हणाली. मग म्हणाली, "आत्याला तुझ्याशी बोलायचंय."

आत्या ओरडूनच बोलते, टेलिफोनवर भरवसा नाही तिचा. "बशीर, मी गाडीत बसलेय."

"हो आत्या."

"तुला ऐकू येतंय का? थांब, धरते."

तिनं फोन खिडकीबाहेर धरला असणार, कारण एकदम वारा आला आणि खालून रुळांचा खडखडाट. जलीला काहीतरी सांगत होती, बहुतेक पडेल म्हणून. आत्यानं हात आत घेतला नाही. मी टेबलापाशी उभा होतो, बसलो. मध्ये एक फाटक गेलं, घंटा वाजत मागे पडली. मग नुसती गाडी. रेंज जाईपर्यंत मी फोन कानाला धरून होतो.